ट्रंककॉल मावशींची तीन मिनिटं

ट्रंककॉल मावशींनी माझं एकही भाषण कधी पुरं होऊ दिलं नाही, आणि त्याबद्दल आमची सगळी सोसायटी त्यांची ऋणी आहे. मी हातातलं पुस्तक छातीशी धरून, डोळे अर्धवट मिटून ‘एकूणच मानवी अस्तित्वाच्या...’ अशी तान घ्यावी, आणि समोरून स्टीलच्या भांड्यावर चमचा आपटावा तसा खणखणीत आवाज यावा, ‘‘तीन मिनिटं झाली!’’ मग मानवी अस्तित्वाचं काय झालं ते ज्याचं त्याने घरी जाऊन शोधावं.

मावशींनी उभी हयात मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडण्यात घालवली होती. परगावी फोन करायचा तर आधी नंबर बुक करून तासन्‌तास वाट बघायची आणि एकदाची लाइन लागली की तीन मिनिटांत जन्म-मरण, लग्न-बारसं सगळं उरकायचं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना त्या आवाजाची जरब मी काय सांगावी? तीन मिनिटं भरली की मध्येच ऑपरेटरबाई विचारायच्या, ‘‘वाढवायचे?’’ अर्ध्या महाराष्ट्राचं रडणं या प्रश्नासरशी थांबायचं. त्या बायांपैकी एक म्हणजे आमच्या मावशी. निवृत्तीनंतर त्यांनी भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या रस्त्यावर आमच्या सोसायटीत घर घेतलं. अंगाने चिमणीएवढ्या, साडी कडक इस्त्रीची, मनगटावरच्या घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला वळवलेली. हेडफोन कधीच सुटला होता, तरी बोलण्याआधी डाव्या कानावरचे केस मागे सारायची सवय काही सुटली नव्हती.

तळमजल्यावर मीटररूमला लागून एक खोली होती. बिल्डरने ती वॉचमनसाठी बांधलेली. पण आमच्या वॉचमनला गेटाजवळची खुर्चीच प्रिय. त्या खोलीत मावशींनी जुनं लोखंडी कपाट आणलं, स्टेशनजवळच्या रद्दीवाल्यांकडून पुस्तकं आणली. मुंबईहून इकडे राहायला येताना आम्ही पोटमाळ्यावर टाकायची म्हणून ज्या पुस्तकांची पोती न सोडताच ठेवून दिली होती, तीही त्यांनी घरोघर जाऊन सोडायला लावली. दर रविवारी सकाळी तिथे चटया पडायच्या आणि आठवड्यात वाचलेल्या पुस्तकावर प्रत्येकाने बोलायचं. वेळ अर्थातच तीन मिनिटं.

नियम आणखीही होते. गोष्ट सांगायची नाही. ‘‘गोष्ट पुस्तकात आहे, ती आम्ही वाचू. तुम्हाला काय झालं ते सांगा,’’ असं त्या म्हणायच्या. आणि ‘छान’ हा शब्द वापरायचा नाही. पहिल्याच रविवारी मी एका प्रवासवर्णनाबद्दल ‘‘छान आहे’’ म्हणून खाली बसलो होतो. मावशींनी केस मागे सारले. ‘‘सामंत, छान भेंडीची भाजी असते. लग्नात आलेल्या पाकिटावरचा फोटोसुद्धा छान असतो. पुस्तकाला काय झालंय?’’ पुस्तकाला काही झालं नव्हतं, कारण माझ्या हातून ते विसाव्या पानापुढे गेलंच नव्हतं.

त्यांचे स्वतःचे अभिप्राय सगळे एक्स्चेंजमधले. एका गाजलेल्या ऐतिहासिक कादंबरीवर त्या म्हणाल्या, ‘‘माणूस पलीकडे आहे, पण खरखर फार. विशेषणं बंद करा, मग ऐकू येईल.’’ एका थोर माणसाच्या आत्मचरित्रावर म्हणाल्या, ‘‘एकतर्फी लाइन. ते बोलतायत, बोलतायत, आपलं हॅलो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.’’ एका नवकवीचा संग्रह दोनदा वाचून त्यांनी शांतपणे मिटला. ‘‘घंटी वाजतेय. उचलत कोणी नाही.’’ आणि घरगुती औषधांच्या एका चोपड्याला मात्र त्यांनी भरभरून गुण दिले: ‘‘हॅलो म्हणतं, कामाचं सांगतं, ठेवतं. आमच्या वेळी असं गिऱ्हाईक मिळालं की ड्यूटी सुखाची जायची.’’

त्यांच्या उजव्या हाताला ठरलेली जागा ग्रेगरीकाकांची. ते मूळचे उत्तनचे, कोळीवाड्यातले. मुलाच्या नोकरीपायी भाईंदरला येऊन राहिलेले. ते फक्त रहस्यकथा वाचत, आणि खून कुणी केला हे न सांगता तीन मिनिटं काढणं म्हणजे त्यांना जिवावरचं काम. शेवटी न राहवून ते म्हणत, ‘‘नाव सांगत न्हाय, पन तो घरातलाच हाय, आनि डाक्टर हाय!’’ मावशी कपाळाला हात लावत. पुढल्या आठवड्यात ते पुस्तक कोणी नेत नसे.

आता माझा पराक्रम. तो सांगितल्याशिवाय मावशींचं चित्र पुरं होणार नाही. शिवाय मी नाही सांगितला तर माझी बायको शुभा सांगेल, आणि ती जास्त रंगवून सांगते.

पुस्तकं फाटली की मावशी ती एका बाइंडरकडे पाठवत. एकदा त्याच्याकडून पाच-सहा पुस्तकं बांधून आली, ती चटयांवर हातोहात फिरली. त्यातली एक जाडसर कादंबरी मावशींनी माझ्या हातात ठेवली. मुखपृष्ठावर खिडकीच्या गजाआड उभी असलेली उदास बाई. ‘‘घेऊन जा. तुमचं मत ऐकायचंय,’’ त्या म्हणाल्या. माझं मत कोणी आपणहून मागावं, असा प्रसंग माझ्या घरातसुद्धा येत नाही. मी हरखलो.

माझी पुस्तकं वाचायची एक पद्धत आहे. आधी मी पाठीमागचा मजकूर वाचतो, मग पुस्तक उशाशी ठेवतो आणि मग झोपतो. या कादंबरीच्या पाठीवर लिहिलं होतं, ‘चार भिंतींत कोंडलेल्या एका स्त्रीची घुसमट.’ मला तेवढं पुरे होतं. घुसमटीवर मी कधीही, कुठेही बोलू शकतो.

रविवारी उभा राहिलो. म्हणालो, ‘‘या पुस्तकाने मला आतून हलवलं. हिचं जग केवढं? चार भिंती आणि एक जाळीची खिडकी. बाहेर मोकळं आकाश दिसतंय, पण पंख असून उडता येत नाही!’’

चटयांवर खसखस पिकली. मला वाटलं, लोक गहिवरलेत. ग्रेगरीकाका तोंडावर रुमाल धरून हलत होते. मी आणखी पेटलो.

‘‘पहाटे सगळ्यांच्या आधी हिचा दिवस सुरू होतो. जे पुढ्यात टाकतील ते मुकाट गिळायचं. जे जे म्हणून तिने जन्माला घातलं, ते दुसऱ्यांनीच उचलून न्यायचं!’’

इथे मी सवयीने मावशींकडे पाहिलं. तीन मिनिटं नक्की होऊन गेली होती. मावशींनी घड्याळ बघितलं, केस मागे सारले आणि ज्या बाईने मुलीच्या लग्नाची तारीख ठरवणाऱ्या बापालाही कधी फुकट सेकंद दिला नसेल, ती बाई मला म्हणाली, ‘‘सामंत, तुम्हाला तीन मिनिटं वाढवून दिली.’’

मला भरून आलं. हात पसरून मी विचारलं, ‘‘आणि एवढं सगळं करून, शेवटी या बिचारीच्या नशिबी काय?’’

‘‘मसाला!’’ ग्रेगरीकाका रुमालाआडून ओरडले. ‘‘दुसरं काय हाय?’’

खोलीत जो हशा उसळला त्याने मीटररूममधले फ्यूजसुद्धा उडाले असते. मी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘पिल्लांची निवड व खुराड्याची रचना’. बाइंडरने कव्हरांची अदलाबदल केली होती. उदास बाईच्या पोटात कोंबडीपालनाचं मार्गदर्शन होतं, आणि हे माझ्याखेरीज तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कारण बाकीच्या प्रत्येकाने पुस्तक निदान उघडलं तरी होतं.

खालमानेने बसलो. मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘‘सामंतांचं आजचं बोलणं आजवरचं सगळ्यात अचूक होतं. प्रत्येक विधान कोंबडीला तंतोतंत लागू पडलं.’’ त्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगमध्ये मला जिन्यावर कोणीही भेटलं की विचारायचं, ‘‘काय सामंत, दाणापाणी झालं?’’

पुढल्याच वर्षी सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली. त्या दिवसांत भाईंदरला नवीन इमारत आणि नवीन इस्टेट एजंट यांची चढाओढ चालली होती. आमचे चेअरमन चंदूभाई. मनाने सोन्यासारखे, पण त्यांचा साढू एजंट होता आणि त्याला ऑफिस हवं होतं. वार्षिक सभेपुढचा विषय: मीटररूमशेजारची खोली ऑफिससाठी भाड्याने देणे.

त्या रविवारी ग्रेगरीकाका बोलायला उभे राहिले. त्यांनी खुनाची जागा सांगितली, हत्यार सांगितलं, डॉक्टरचं नाव सांगितलं, त्याच्या बायकोचंही सांगितलं. कोणी अडवेना. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मावशींचं लक्ष घड्याळाकडे नव्हतं; कपाटाकडे होतं. शेवटी काकाच घाबरले. ‘‘बाय, मना थांबव की! किती येल झाला!’’

मावशी म्हणाल्या, ‘‘बोला हो. नंतर कुठे बोलाल?’’

सगळे गेल्यावर मी चटया गुंडाळत थांबलो. त्या आपणहून बोलल्या. ‘‘सामंत, एक्स्चेंजमध्ये पहिला नियम काय होता माहितीय? लाइन जोडायची आणि आपण गप्प राहायचं. हजारो माणसं जोडून दिली मी, पण मध्ये तोंड उघडायचं नाही. घरीही एकटीच. रिटायर झाले तेव्हा पोटात इतकं बोलणं साठलं होतं की मला वाटायचं, भिंतीशी बोलायला लागणार. ही खोली मिळाली म्हणून वाचले.’’ मग लगेच केस मागे सारून म्हणाल्या, ‘‘जा. शुभा वाट बघत असेल. तुमचं दाणापाणी व्हायचंय.’’

हिशेब सरळ होता. रविवारी येणारी मराठी घरं मूठभर. बाकी सोसायटी गुजराती, हिंदी, मारवाडी, केरळी. त्यांना खोलीशी देणंघेणं नव्हतं. मी ठरवलं, आता आपणच. कधी नव्हे ते टेबलाशी बसून मी ‘वाचनसंस्कृती: काल, आज आणि उद्या’ असं एक भाषण लिहिलं. शुभाला वाचून दाखवलं. ‘कालपाशी’च तिला डुलकी लागली. मी ते शुभलक्षण मानलं.

सभा पार्किंगमध्ये भरली. खोलीचा विषय आला तसे चंदूभाई उठले. ‘‘बेन, मी तुमची इज्जत करतो. पण पुस्तक तर घरी बी वाचता येते ने? एजंटला काय पलंगावर बसून धंदा करायला सांगू?’’ लोक हसले. हात वर व्हायच्या बेतात होते.

मावशी उठल्या. ‘‘बरोबर आहे चंदूभाई. वाचता घरी येतं. पण वाचून झालं की सांगायचं कोणाला? घरात टीव्ही चालू असतो.’’

बायकांच्या बाजूने कुणीतरी ‘‘सच बात!’’ म्हणालं. मी ओळखलं, हीच वेळ. कागद सरसावत उभा राहिलो. मावशींनी वरचं शीर्षक वाचलं आणि माझ्या हातातून कागद अलगद काढून घेतले.

‘‘हे वाचलंत तर लाइन कट होईल. कोंबड्या सांगा.’’

‘‘मावशी! इथे? सगळ्यांसमोर?’’

‘‘आणि हिंदीतून. सगळ्यांना कळलं पाहिजे.’’

वाचकहो, माझं हिंदी म्हणजे मराठीलाच ‘है’ लावून दिलेली ताकीद. भर पार्किंगमध्ये मी सुरुवात केली, ‘‘मैंने सोचा वो बाई है। लेकिन वो मुर्गी निकली।’’ पुढचं हशात माझं मलाच ऐकू आलं नाही. पंख, जाळी, घुसमट (‘‘उसकी बहुत घुसमट होती है’’) सगळं सांगितलं. ग्रेगरीकाकांनी नेमक्या जागी ‘‘मसाला!’’ची आरोळी ठोकली. केरळी नायरसाहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. हसता हसता चंदूभाईंची खुर्ची एका बाजूला कलली. माझी एवढी टर उभ्या जन्मात उडाली नव्हती, आणि एवढं यशही कधी मिळालं नव्हतं.

हशा ओसरायच्या आत मावशींनी घड्याळ वळवलं. ‘‘असं आहे आमच्या खोलीत. आता आणखी कोणी काय वाचलंय? कोणत्याही भाषेत. तीन मिनिटं.’’

मग तिसऱ्या मजल्यावरच्या तिवारीभाभी पदर सावरत उठल्या. ‘‘मैं तो दोपहर में नॉवेल पढ़ती हूँ। इनको पता भी नहीं।’’ तिवारीजींनी चमकून पाहिलं. एका सासूने सुनेला शिकवून मास्तरीण केल्याची ती कादंबरी होती. बोलताना भाभींचा आवाज असा काही चढला की पार्किंगमधून जाणारा दूधवाला सायकल टेकून उभा राहिला. ‘‘तीन मिनट हो गए,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘बाकी अगले इतवार।’’ नायरसाहेब बुद्धिबळाच्या पुस्तकावर बोलले. कुणाला फारसं कळलं नाही, पण घोडा मेला तेव्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं.

आणि मग चंदूभाई स्वतः उठले. ‘‘एक किताब आमच्या घरात बी आहे. गुजरातीत. व्यापारी लोक जहाज घेऊन आफ्रिकेला जायचे ने, त्यांची. माझे दादाजी असेच गेले होते.’’ मग चंदूभाई चेअरमन राहिलेच नाहीत. एका हाताने त्यांनी शीड धरलं, दुसऱ्याने वारा दाखवला. तुफान आलं, डोलकाठी मोडली, पाणी आत शिरलं, मालाची पोती समुद्रात टाकायची वेळ आली, आणि दादाजींच्या वयाचा एक पोरगा सुकाणूला बिलगून—

‘‘तीन मिनिटं झाली, चंदूभाई.’’

‘‘अरे बेन! पण जहाज तर अजून पाण्यात आहे!’’

‘‘बाकीचं पुढच्या रविवारी.’’

‘‘कुठे?’’

मावशींनी नुसती मान वळवून त्या खोलीकडे पाहिलं. अख्ख्या पार्किंगने पाहिलं. कडेला उभ्या साढूनेही पाहिलं. चंदूभाई हात तसेच हवेत धरून उभे होते, एका हातात शीड, एका हातात वारा. त्यांनी साढूकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि म्हणाले, ‘‘साढूभाई, तुला दुसरी जागा बघून देतो. एजंट तू आहेस, तुला जागेची काय कमी?’’

खोली राहिली. पुढच्या रविवारी जहाज किनाऱ्याला लागलं तेव्हा चटया पुरल्या नाहीत. लोक जिन्यावर बसले होते. एका कपाटाची चार झाली, त्यांत गुजराती, हिंदी, मल्याळम सगळं मिसळून लागलं. मावशींना मल्याळमचं अक्षरही येत नसे, तरी नायरसाहेब बोलताना त्या कान देऊन ऐकत आणि म्हणत, ‘‘शब्द कळले नाहीत, पण आवाज स्वच्छ आला.’’

काही वर्षांनी मावशींचे गुडघे जिन्याशी भांडायला लागले आणि त्यांच्या भाचीने त्यांना बडोद्याला न्यायचं ठरवलं. निरोपाच्या रविवारी भाषणं करायची नाहीत, असं त्यांनी आधीच बजावलं. ‘‘कोणीतरी ‘छान’ म्हणेल आणि मला जाता जाता भांडावं लागेल.’’ आपण नेहमीसारखं पुस्तकावरच बोलणार, असं जाहीर करून त्यांनी मला पुढे बोलावलं. ‘‘सामंत, आज घड्याळ तुम्ही बघा.’’

पिशवीतून त्यांनी पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर गजाआड उदास बाई.

‘‘हे पुस्तक सामंतांमुळे अजरामर झालं, पण नीट वाचलं कोणीच नाही. मी वाचलं. हॅलो म्हणतं, कामाचं सांगतं. खुराडं कसं असावं, पाणी कुठे ठेवावं, मुंगूस आलं तर काय. पण यात एक पान असं आहे की ते वाचून मी पुस्तक मिटून बसले. खुडूक कोंबडीचं. अंडी उबवायला बसलेली. आणि तिथे लेखकाने जे सांगितलंय ते सगळ्यात महत्त्वाचं. ते म्हणजे—’’

तीन मिनिटं झाली होती. मला दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचं तरी वाक्य तोडायचा अधिकार मिळाला होता, आणि मी घड्याळ तळहाताखाली झाकून धरलं.

मावशी आपणच थांबल्या. ‘‘ऑपरेटर झोपला वाटतं. तीन मिनिटं झाली.’’

‘‘वाढवा!’’ ग्रेगरीकाका गरजले. ‘‘बढ़ाओ, बेन, बढ़ाओ!’’ चंदूभाई उठून उभे राहिले. तिवारीभाभी, नायरसाहेब, जिन्यावरची मंडळी, सगळ्यांनी एकच गिल्ला केला. मावशींनी पुस्तक माझ्या हातात दिलं. ‘‘नियम सगळ्यांना सारखा. बाकीचं पुढच्या रविवारी.’’ आणि रिक्षात बसून गेल्या.

ते पान उघडून वाचायला काहीच हरकत नव्हती. पण आठवडाभर कोणी वाचलं नाही. मी तर नाहीच नाही, मला सवय आहे.

रविवारी चटया पडल्या. तेवढ्यात चंदूभाईंच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी नाव बघितलं, स्पीकर लावला आणि फोन मधोमध चटईवर ठेवला.

‘‘हॅलो, भाईंदर? बडोदा बोलतेय. महत्त्वाचं म्हणजे, खुडूक बसलेल्या कोंबडीला जागेवरून उठवू नये. बघणाऱ्याला वाटतं ती नुसती बसलीय, जागा अडवून. पण बसणं हेच तिचं काम असतं. मग कळलं मला, चंदूभाई, तेव्हा आपण त्या खोलीत काय करत होतो ते.’’

ग्रेगरीकाकांनी रुमाल काढला होता, पण या वेळी ते हसत नव्हते. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनवर वाकलो, डोळे अर्धवट मिटले. ‘‘मावशी, एकूणच मानवी अस्तित्वाच्या...’’

‘‘तीन मिनिटं झाली!’’ आणि लाइन कट.

चंदूभाईंनी फोन उचलून डोळ्यांजवळ नेला. ‘‘अरे,’’ ते म्हणाले, ‘‘एक मिनिट बी नाही झाला!’’